बाहेर येऊन मी जे सांगितलं

हे दोनच माणसांना ठाऊक आहे — एक मी आणि एक ती. आम्ही दोघं यावर कधी सरळ बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही. हजला गेलो तेव्हा मनातल्या मनात पुटपुटलो, पण तिथेही नेमका शब्द गाळला. तुम्हाला मात्र गाळून सांगणार नाही. कुठून सुरुवात करू?

माझ्यापासून करतो, ते सोपं आहे. मी रत्नागिरीकडचा, इथे आखातात अहमदी गावी तेलाच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. याद्या करणं हा माझा स्वभाव. इथल्या आमच्या कोकणी मुसलमानांत लग्न असो की मयत, पहिला निरोप मला येतो. कासमभाई आले म्हणजे जेवणाची डेग कमी पडणार नाही, सतरंज्या वेळेवर येतील, अहमदीची बस शहराकडच्या हवल्ली वस्तीला पोहोचेल आणि परतही जाईल. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे — खोटं कशाला बोलू?

आणि माझी मतं पक्की. परमुलखात आलो म्हणून कपडे बदलतील, जेवण बदलेल. दीन आणि निकाह बदलता कामा नये. रमजानात रोजेदारांना भर दुपारी उन्हातल्या यार्डात लावू नका, हे सांगायला गोऱ्या साहेबाच्या खोलीत मीच पुढे शिरलो होतो. ‘साहेब, आमचा धर्म आम्हाला पाळू द्या, आम्ही दुसरं काही मागत नाही.’ साहेबाने ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या माणसांत माझा शब्द वजनदार झाला.

हवल्लीत हसनमियाँ राहायचे, माझ्याच गावचे, शिवणकामाचं दुकान चालवायचे. त्यांचा घरमालक बू-सालेम हा म्हातारा अरब माझा दोस्त झाला होता, कारण आमची मतं जुळायची. तो म्हणायचा, माझं घर, माझी बंदूक, माझी मुलगी — या तिन्हींत सरकारने नाक खुपसू नये. मी मान डोलवायचो. मुलींनाही काही म्हणायचं असतं, हे आम्हा दोघांच्या बोलण्यात कधी आलंच नाही.

हसनमियाँची थोरली मुलगी झुलेखा. तिचं स्थळ मीच आणलं. मुलगा माझ्या स्टोअरमधला — निर्व्यसनी, नमाजी. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलेलं. हवल्लीत अजून मातीच्या भिंती होत्या, पाणी गाडीने यायचं. सगळा बंदोबस्त माझ्याकडे. आणि निकाहाचा वकीलही मीच.

हा वकील कोर्टातला नव्हे. काजींनी निकाह पढवण्याआधी दोन साक्षीदार घेऊन तो मुलीकडे आत जातो, नवऱ्याचं नाव सांगतो आणि विचारतो — कबूल आहे का? मग बाहेर येऊन तिचं उत्तर सांगतो. बस, एवढंच काम. मुलगी बहुधा लाजून गप्प बसते आणि ते गप्प बसणं होकार धरतात. खरं सांगू? मला ती नुसती रीत वाटायची. बैठकीआधी गालिचा झटकतात, तशी.

साक्षीदार रिवाजाप्रमाणे दाराशी पाठमोरे उभे राहिले. बायकांचा कलकलाट चालला होता. मी वाकलो, नाव घेतलं, विचारलं.

ओढणीखालून आवाज आला — “नको, चाचा.”

हळू होता. पण अडखळलेला नव्हता.

मी का थांबलो नाही? ‘का नको, बेटा?’ एवढं विचारायला काय लागत होतं? बापाची अब्रू वाचवली, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं. खरं कारण त्याहून हलकं आहे. डेगा उतरल्या होत्या, काजी घड्याळ बघत होते, बस दाराशी उभी होती, आणि माझ्या यादीत पुढचं काम होतं काजींना निरोप देण्याचं. तिच्या उत्तरासाठी मी त्या यादीत जागाच ठेवली नव्हती.

“काय म्हणाली?” एका साक्षीदाराने विचारलं.

“कबूल म्हणाली,” मी म्हटलं.

बाहेर निकाह झाला आणि बू-सालेमने अंगणात खुशीचा बार उडवला. आतल्या बायका हसल्या, किंचाळल्या. झुलेखाला मात्र त्या आवाजाने कळलं असणार, की तिचं उत्तर उंबऱ्याच्या बाहेर गेलंच नाही. ती तेव्हा काय करू शकत होती? चाचाने ऐकलं, तो बाहेर जाऊन सांगेल, म्हणून ती बिचारी विश्वासाने बसली होती.

पुढे तिचा संसार झाला. दोन मुलं आहेत, नवरा भला आहे. हे मी माझ्या बाजूने मांडत नाही. तिला तेव्हा का नको होतं, मला आजही ठाऊक नाही. साहेबाच्या खोलीत मी धर्म पाळण्याची मोकळीक मागितली होती ना? धर्मानेच तिला दिलेली मोकळीक मी ओढणीजवळून उचलली आणि खिशात घातली.

हल्ली झुलेखा आमच्या मुलींना दुपारी कुराण शिकवते. आणि सबक संपला की सांगते म्हणे, तुम्हाला विचारतील तेव्हा बोला, आणि असं बोला की रस्त्यावरच्या पाणीवाल्याला ऐकू गेलं पाहिजे. मुली खिदळतात. पण पाठ करतात.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीचं, मैमुनाचं लग्न झालं. हसनमियाँ म्हणाले, “कासम, वकील तूच. तुझ्या हाताला बरकत हाय.” नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. मी गेलो.

दाराशी झुलेखा बसली होती. मुद्दाम तिथे. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चाचा, आज बसची घाई नाय ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग साक्षीदारांना आत घ्या. हितं, जवळ. पाठ करून नको.”

एक म्हातारे साक्षीदार कुरकुरले, “असा रिवाज नाय गो.”

“कान तोंडाच्या बाजूला असतात, मामू. पाठीला नाय.”

ते आत आले. मी नाव घेतलं, विचारलं आणि थांबलो. बाहेर डेगा निवत होत्या. निवू देत. मैमुना काही बोलेना. मी पुन्हा विचारलं, पुन्हा थांबलो. झुलेखाने बहिणीचा हात धरला होता. त्या क्षणी मैमुनाने नको म्हटलं असतं, तर मी तसंच बाहेर जाऊन सांगितलं असतं — हे मला पहिल्यांदा पक्कं ठाऊक होतं.

“कबूल, कबूल!” मैमुना ओरडली. “किती विचारता चाचा, मला भूक लागली!”

सगळ्या बायका हसल्या. बाहेर बू-सालेम बंदूक घेऊन तयार होता. मी काजींकडे जाण्याआधीच झुलेखा खिडकीशी गेली आणि त्याला अरबीत बजावलं, मुलीने स्वतः सांगितलंय, निकाह झाला की खुशाल बार उडवा. म्हाताऱ्याने मान लववली.

माझी मतं आजही जुनीच आहेत. लग्न घरच्यांनी जुळवावं, काजींनी पढवावं, त्यात बाहेरच्याने पडू नये. आता मी वकील म्हणून जातो तेव्हा साक्षीदारांना जवळ घेतो आणि थांबतो. हवल्लीत, अहमदीत दुसरेही तसंच करू लागलेत. ही रीत कासमभाईंनी पाडली असं लोक म्हणतात. ती झुलेखाने पाडली.

तिने नको म्हटलं होतं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.