दर्यावरची हाक

एकोणीस वर्सं मी देवापुढं हुबी राहिले, पन हात जोडले तरी आतून काई हालायचं न्हाई. खोटं कशाला सांगू. नारायणगडाला गावचा समदा लोंढा जायाचा, त्यात मी बी जायाची. पायरीपाशी बसायची, परसाद घ्यायची, परत यायची. माजं देवाजवळ एकच मागनं हुतं. माजी धाकटी जाऊ, पारू, तिनं माज्यासंगं एकदा तरी बोलावं. मंग शिव्या दिल्या तरी चालतील. देव काई आयकत न्हवता. मला वाटायचं, एक तर तो न्हाईच, न्हाई तर हाय आन् पारूच्या बाजूनं हाय. दुसरंच खरं असंल असं लई येळा वाटायचं.

काय झालं ते आदी सांगते. आमी ऊसतोडीवाले. दिवाळी झाली की दोघी जावा, दोघींचे नवरे, लेकरंबाळं, समदे टरकात बसून घाटाखाली जायाचो. पाचटाच्या कोपीत, म्हंजी झोपडीत, राहायचो. एका साली पारूची लेक चिमी तीन वर्साची हुती. एक दिस माज्या अंगात ताप भरला म्हनून मी फडात गेले न्हाई, चिमीला घिऊन कोपीवर राहिले. कोपीच्या मागनं पाट वाहायचा. चिमी पाटात गेली. लोकांनी पार खाली जाऊन मोरीपाशी तिला काडली. माजी नजर चुकली, असं मी समद्यांना सांगितलं, त्याच्या पुढं एक सबूद बोलले न्हाई. सासूनं मला बोल लावले, भावकीनं तोंड फिरवलं. पारूनं मातर शिवी दिली न्हाई, दगड मारला न्हाई. मला 'बाई' म्हनायची, ते बोलनंच तिनं बंद केलं, बस. एकाच वाड्यात तिचं दार हिकडं, माजं तिकडं. तिचा नवरा गेला तवा मी तिच्या शेजारी बसून रडले. माजा गेला तवा ती येऊन बसली. पन सबूद न्हाई.

आमच्या गावचा मुकादम आता म्हातारा झालाय. टोळी न्हेनं सोडलं आन् वर्साला एक बस देवाला न्हेतो. औंदा द्वारकेची ठरली. पोरानं माजं नाव दिलं. पारूच्या दुसऱ्या पोरीनं तिचं दिलं, मला काई पत्ता न्हाई. आता ऊसतोडीत असं हाय की नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता. एकटा मानूस असला तर अर्धा कोयता. मुकादमाचा हात तसाच बसलेला. त्यानं बसची यादी बी कोयत्यानंच लिहिली. दोघी एका आडनावाच्या, दोघी रांडमुंड, दोघी अर्ध्या. अर्धा आन् अर्धा, एक कोयता करून टाकला. मांजरसुंब्याला ढाब्यापाशी बस हुबी हुती, तिथं त्यानं नावं वाचली तवा मला कळलं. मी म्हनलं, "मुकादम, मला दुसरीकडं बसवा."

"कुठं बसवू, म्हातारे? डायवरच्या मांडीवर? समदे कोयते भरलेत."

बायका हासल्या. पारू खिडकीपाशी जाऊन बसली आन् माज्यापुरती जागा सोडली. तशा आमी दोन दिस गेलो. तिचा खांदा माज्या खांद्याला लागायचा. तिला झोप लागली की तिची मान माज्याकडं यायची, जाग आली की ती सरळ व्हायची. भाकरीचं फडकं ती तिचं सोडायची, मी माजं. येवढ्या जवळ बसून येवढं लांब कसं राहता येतं, ते आमी दोघींनी बसमधल्या समद्यांना दाखवलं.

द्वारकेला पोचलो तर देवळाचं दार बंद, संध्याकाळी उघडनार, आन् रांग पार गल्लीच्या वळनापातूर. मुकादम म्हनला, उद्या पहाटं दर्शन करू, आज नावंत बसू. गोमतीच्या घाटावरनं नाव निघती, दर्यात जाती, पान्यावरनं समदं गाव दावती, दिस बुडताना परत आनती. अर्ध्या तासाचं काम.  चिमी गेली त्या दिसापासनं मी वाहत्या पान्याजवळ गेले न्हवते. धुनं सुदीक हापशावर धुवायची. मला वाटलं, पारू बी मागं फिरंल, मंग मी बी फिरते, कोन इचारनार न्हाई. पन पारू समद्यांच्या आदी फळीवरनं चढली आन् पार म्होरच्या टोकाला जाऊन बसली. मुकादम काठावरनं वरडला, "चला, कोयता कोयता बसा, नाव कलंडंल!" मंग माजी जागा तिच्या मागंच हुती. गेले.

नावाडी आमच्याच वयाचा, एकटाच. त्यानं समद्यांना बुडू नये म्हनून ते भगवं जाकीट घातलं. आमच्यातला किसन म्हातारा म्हनला, "पोळ्याला बैलाला झूल घालतेत तशी घातली बे आमाला. आता येशीतून मिरवा." बायका तोंडाला पदर लावून हासल्या. नाव निघाली. घाटाच्या पायऱ्या मागं गेल्या, पायऱ्यांवरली मानसं बारीक झाली. मंग समदं गावच दिसाया लागलं. एकावर एक जुनी घरं, मधी देवाचं शिखर, त्याच्यावर येवढी लांब ध्वजा, वाऱ्यानं नुसती सळसळत हुती. दिस खाली आला हुता. शिखर तांबडं झालं, घरं तांबडी झाली, मानसांची तोंडं तांबडी झाली. मी जलमात एवढं पानी बगितलं न्हवतं. पाटाचं पानी आपल्याकडं बगत असतं, घात धरून बसल्यावानी. हे पानी कुनाकडंच बगत न्हवतं. मी पारूची पाठ बगत हुते. ती मान हालवीना. तिच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक हुतं, माज्या मनात तेच चाललं हुतं.

गोमती दर्याला मिळती त्या तोंडापातूर गेलो आन् इंजन खोकलं, बंद पडलं. नावाड्यानं दोनदा दोरी वडली, काई न्हाई. एका अंगाला खडक हुते, त्याच्यावर लाट फुटत हुती. त्यानं म्होरं येऊन लोखंडी आकडा पान्यात टाकला, नाव गचका खाऊन थांबली आन् जाग्यावर हालाया लागली. दुसऱ्या नावा कवाच परतल्या हुत्या. मुकादमानं कडंला वाकून दुपारचं जेवान वकून टाकलं. दोन बायका रडाया लागल्या, किसन म्हाताऱ्याचं हासनं गेलं. नावाडी शांत हुता. म्हनला, "माताजी, घबराओ मत. अभी पानी पलटेगा. पलटा तो खुद अंदर ले जाएगा. तब तक बैठो."

मी म्हनलं, "न्हाई पलटलं तर?"

"पलटता है, माताजी. रोज पलटता है."

मंग बसलो. त्या बसन्यात मला काय झालं ते सांगता येत न्हाई नीट. एकोणीस वर्सं मी देवाच्या मागं लागले हुते, पारूला बोलव, पारूला बोलव. जशी काय पारूची जीभ माज्या मालकीची. तिथं त्या पान्यावर मला वाटलं, बया, आता पुरं. तिला न्हाई बोलायचं तर न बोलू दे. लेक तिची गेली, बोलायचं का न्हाई ते तिचं. मी शिखराकडं बगितलं आन् मनात म्हनलं, देवा, माजं मागनं मी माघारी घेतलं. नाव तिकडं न्हे नाय तर हिकडं न्हे. हात जोडले का न्हाई ते आठवत न्हाई. पन आतून काईतरी हाललं.

थोड्या येळानं नावेचं टोक आपोआप फिरलं. पानी पलटलं हुतं. नावाडी मागच्या अंगाला लांब वल्हं घिऊन हुबा राहिला, नाव सरळ धरायला त्याला तिथंच राहाया लागनार हुतं. तो वरडला, "आगे से कोई लंगर खींचो! जल्दी!" म्होरं पारू. ती उठली, पदर खवला, आकड्याची दोरी धरली आन् वडाया लागली. दोन हात वडली आन् आकडा खाली आडकला. तिनं पाय रोवले, परत वडलं. येईना. आन् मंग, मागं न बगता, ती वरडली.

"बाई, हात लावा!"

नाव डुलत हुती. मी कशी उठले, कशी गेले, ठाऊक न्हाई. तिच्या मागनं दोरी धरली. दोघींनी मिळून दम धरला, वडलं, सोडलं, परत वडलं. सवय हुती, अंगाला सांगाया लागलं न्हाई. आकडा सुटला, चिखलानं भरलेला वर आला. नाव हळूच, कुनी मांडीवर घेतल्यावानी, आत निघाली. आमी दोघी वल्ली दोरी हातात धरून तशाच बसलो.

आता जे कुनालाच सांगितलं न्हवतं ते सांगते. उसाची मोळी जड असली की एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. दुसरीनं हात लावावा लागतो. फडात 'हात लावा' अशी हाक आली की हातातलं टाकून जायाचं, मंग कुनाची का असंना. चिमी गेली त्या दिशी टरक भरायची घाई हुती. पारूनं मोळी लई मोठी बांधली, आन् कोपीशेजारच्या बांधावरनं मला हीच हाक मारली, "बाई, हात लावा!" मी चिमीला म्हनलं, बस हितं, आले. गेले, हात लावला, मोळी तिच्या डोक्यावर ठिवली, मागं फिरले. तेवढ्यात झालं हुतं. हे मी कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर आईच्या माथ्यावर गेलं असतं. म्हनून माजी नजर चुकली, येवढंच म्हनले. पारू त्या गडबडीत आपली हाक इसरली असंल, असं वाटायचं. का तिला समदं आठवतंय? मला कवाच कळलं न्हवतं.

पारू दोरीकडं बगत म्हनली, "त्या दिशी बी तुमाला मीच हाक मारली हुती."

"मला ठाऊक हाय."

"मंग कावून न्हाई सांगितलं कुनाला? सासूबाई तुमाला बोलायच्या, मी आयकायची. रोज वाटायचं, आज सांगतेत, आज सांगतेत."

"सांगून चिमी येनार हुती का?"

"चिमी न्हाई. पन मला रडाया तरी आलं असतं." मंग तिनं माज्याकडं बगितलं. "तुमी समदं तुमच्याच डोक्यावर घेतलं, बाई. मला हात बी लावू दिला न्हाई. कोनत्या तोंडानं बोलनार हुते मी तुमच्यासंगं?"

 एकोणीस वर्सं मी समजत हुते की मी तिच्यावर उपकार केले. मनातल्या मनात त्याचा तोरा बी हुता, आता कबूल करते. आन् ती हिकडं ते वझं एकटी वाहत हुती, माज्यापेक्षा जड, कारन तिचं कुनाला दिसत बी न्हवतं. मी म्हनलं, "चुकलं गं पारू." ती म्हनली, "माजं बी." आन् मंग ती रडली. लई रडली. मुकादम वलं तोंड पुशीत इचारतोय, "काय झालं, काय झालं?" किसन म्हातारा त्याला म्हनला, "गप बस बे, बायांचं हाय." घाट येइपातूर पारू चिमीचं नाव घेत हुती. ते नाव मी तिच्या तोंडातनं त्या सालानंतर पहिल्यांदा आयकलं. मी बी घेतलं.

लोक इचारतेत, हा देवाचा चमत्कार का? मी शिकलेली न्हाई. नावाड्यानं सांगितलं तसं पानी रोज पलटतं, इंजन बी कुनाचं बी बंद पडतं. मला येवढंच ठाऊक हाय की मागत हुते तवर काई मिळालं न्हाई, आन् मूठ सोडली तवा हाक आली. त्यो नावाडी काठावर उतरताना आमच्या दोघींच्या पाया पडला, म्हनला तुमी नसता तर लंगर निघाला नसता. आमी त्याच्या पाया पडलो. त्याचं नाव इचारायचं राहिलं. तो कुठं बी असंल, सुखी राहो.

दुसऱ्या दिशी पहाटं दर्शनाला हुब्या राहिलो. गर्दी येवढी की पाय भुईला लागंनात. मी बुटकी, म्होरं समदी डोकी आन् पाठी. देवापाशी आलो कवा ते बी कळलं न्हाई. पारू उंच हाय. तिनं माजा दंड धरला, टाचा वर केल्या आन् माज्या कानाशी सांगाया लागली. "काळा हाय बाई. डोळे लई मोठे हायत. अंगावर पिवळं हाय, गळ्यात फुलं हायत. हिकडंच बगतोय."

मी डोळे मिटले आन् आयकत राहिले. ती सांगत राहिली.