पाहुणे मायक्रोस्कोप

मूल्यांकन समिती येणार हे ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी प्रयोगशाळेचं काम माझ्याकडे दिलं. कारण उघड होतं. अकोल्याच्या या कॉलेजात मी वीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आणि कुठल्या कपाटात काय आहे ते माझ्या वहीत सापडतं. पहिल्याच पानावर मी लिहिलं: मायक्रोस्कोप अकरा, चालू तीन. त्या तिनांतल्या एकाचा आरसा चिकटपट्टीवर तग धरून होता.

प्राचार्यांनी यादी वाचली आणि पालथी ठेवली. "मॅडम, अमरावतीहून बारा येऊन राहिले. तुमी फक्त नोंद करा."

अमरावतीला राजापेठेजवळ आमच्याच संस्थेचं दुसरं कॉलेज आहे. मागे तिकडे समिती आली तेव्हा आमचे संगणक गेले होते. समिती ज्या गावी, सामान त्या गावी, ही आमच्याकडची रीत. स्टाफरूममध्ये आम्ही तिला पाहुणचार म्हणायचो आणि हसायचो. मीही हसले आहे.

मायक्रोस्कोप जुन्या चादरींत गुंडाळून आले. प्रयोगशाळेच्या परिचरांनी अमरावतीचे क्रमांक थिनरने पुसले आणि मी सांगितले ते नवे क्रमांक रंगवले. मी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मालकीच्या सामानाच्या वहीत, बाराही नोंदी केल्या, खाली सही केली. त्याखाली प्राचार्यांनी केली.

यंत्रं वापरातली दिसावीत म्हणून मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बोलावलं. त्यांत पातूरकडची एक मुलगी होती. घरचे भाजीपाला पिकवून बाजारात विकतात. बाटलीच्या तोंडावर ठेवून मुळं फुटवलेले कांदे तिनेच घरून आणले होते. मुळाचं टोक काचेवर चिरडून, रंग देऊन तिने डोळा लावला, आणि ओरडलीच.

"मॅडम, हे तं खरंच दिसते!"

"काय दिसते?"

"गुणसूत्रं! चित्रातल्यावानी ऐटीत नाही बसली, पण हायेत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तीन वर्षं ही मुलगी पेशीविभाजनाची आकृती भिंतीवरच्या तक्त्यावरून काढत होती आणि तिच्या जर्नलमध्ये 'निरीक्षण केले' या शब्दांखाली माझी सही होती. पेशी विभागताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

समिती आली. आमच्या प्रयोगशाळेत दहा मिनिटं थांबली. एका सदस्याने एका मायक्रोस्कोपवरून हात फिरवला, "छान," म्हणाले, आणि सगळे चहाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात अमरावतीची गाडी उभी. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर होती.

पातूरची मुलगी दारातच अडवून उभी राहिली. "मॅडम, परीक्षेपर्यंत तरी ठेवा ना. त्या जुन्यातून मले काय दिसन?"

"तुले काहून पाहिजे?" मागून तिची मैत्रीण म्हणाली. "तुले तं तक्ता पाठ हाये."

"पाठ हाये, त्याचाच तं राग येते!"

मी रजिस्टर उचललं आणि प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"सर, हे मायक्रोस्कोप नेता येणार नाहीत."

"म्हणजे?"

"रजिस्टरप्रमाणे ते आपले आहेत. तुमची सही आहे. बाहेर काढायचे तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ते निकामी ठरवून वहीतून कमी करण्याचा, ठराव लागेल. मायक्रोस्कोप काल समितीला चालू दाखवले, आज भंगारात कसे काढायचे?"

"मॅडम, तुमी मले नियम शिकवून राहिल्या का?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं आणि फोन उचलून शिपायाला गाडी थांबवायला सांगितलं. मला वाटलं, जिंकले.

तासाभरात अमरावतीच्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला. वयाने माझ्याहून मोठ्या, बोलायला सरळ. "काहून अडवले वो बाई? आमची परीक्षा तुमच्याच दिवशी हाये. आमच्या पोरीयनं काय भिंगानं पाहावं?"

मग मात्र माझं डोकं तडकलं. दोन कॉलेजं, दोन रजिस्टरं, दोन्हींत हेच बारा मायक्रोस्कोप, म्हणजे कागदावर चोवीस आणि प्रत्यक्षात बाराच! दोन समित्या ते बघून गेल्या. शिक्षणाचा दर्जा म्हणून आम्ही जे मोजून दाखवलं, ते एका गाडीत मावत होतं. त्या गाडीतल्या सामानावर रंगवायचे क्रमांक मीच सांगितले होते.

"सहा तुमचे, सहा आमचे," मी म्हटलं. "मुलांच्या तुकड्या पाडा."

"संध्याकाळ होईन."

"इथेही होईल."

"पाठवा मंग. चादरीत नीट गुंडाळा."

परीक्षेला मी तीन तुकड्या पाडल्या. बाहेरून आलेले परीक्षक एकेका मायक्रोस्कोपवर वाकत पुढे सरकत होते. पातूरच्या मुलीच्या कागदापाशी ते थांबले.

"विभाजनाच्या अवस्था चार. तू तीनच काढल्या?"

"हो सर. या काचेवर तीनच दिसून राहिल्या."

"चौथी येत नाही का?"

"येते सर. आताही काढून देतो. पण मले दिसली नाही."

परीक्षकांनी तिला बाजूला सरकवून स्वतः डोळा लावला. बराच वेळ काच इकडेतिकडे हलवून पाहिली.

"नाहीये," ते म्हणाले, आणि तिच्या तीन आकृत्यांखाली सही केली.