पाकाची गाळणी

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आज अमरावतीच्या बाहेर, तिवस्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये चालू आहे. चांगलं म्हणते ते इंजिनिअर म्हणून. कुणी त्याचं कौतुक केलं की मी विषय बदलते.

अकोल्याच्या एमआयडीसीत मी ज्यांच्याकडे काम करते त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही. आजोबांच्या काळात त्यांच्याकडे तांब्याची भांडी घडवली जायची, वडिलांनी लोखंड धरलं, चाचांनी स्टील. दुधाच्या टाक्या, लोणच्याच्या कारखान्यांच्या मोठ्या कढया आणि खारपाण पट्ट्यातल्या गावांसाठी खारं पाणी गोडं करणारी यंत्रं, हे त्यांचं मुख्य काम. केमिकल इंजिनिअरिंग करून मी काही वर्षं पुण्याला नोकरी केली. आई गेल्यावर बाबा अचलपूरला एकटे पडले, म्हणून जवळ आले. अकोल्यात बाईला वर्कशॉपवर घ्यायला कुणी तयार नव्हतं. चाचांनी एवढंच विचारलं, "वेल्डिंगचा धूर सहन होईन का तुले?" मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

तिथेच ते गृहस्थ आले. अमरावतीच्या एका जुन्या वकिली घराण्यातले, पन्नाशीचे, बोलायला अतिशय मऊ. मला पहिल्यापासून ताई म्हणायचे. त्यांना साखरेचा पाक स्वच्छ करणारं यंत्र हवं होतं. सरबतवाल्यांना आणि बेकऱ्यांना माल पुरवायचा आहे, असं त्यांनी सांगितलं.

"पाण्यासारखा दिसला पाहिजे, ताई. रंग नको, वास नको. आणि थंडीत थिजता कामा नये."

साधा पाक दाट केला की त्याची साखर पुन्हा बसते, हे घरात गुलाबजाम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. साखरेच्या रेणूचे दोन तुकडे केले तर मात्र ती बसत नाही. ते तुकडे करायची सोपी पद्धत म्हणजे आम्ल घालून उकळणं. पण उकळलं की पाक पिवळा पडतो, आणि त्या उकळण्याची एक रासायनिक खूण त्यात कायमची राहते. दुसरी पद्धत एन्झाइमची. पाक नुसता गरम ठेवायचा, एन्झाइम आपलं काम करतं. अडचण अशी की ते महाग असतं आणि काम झाल्यावर पाकातून परत काढावं लागतं. त्यासाठी मी मेम्ब्रेनचं युनिट सुचवलं. नळीच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं इतकी बारीक की साखर पार जाते, पण एन्झाइम, रंगाचे मोठे कण, धूळ, जंतू सगळे आतच राहतात. अडकलेलं एन्झाइम पुन्हा वापरता येतं. उकळणं नाही, रंग काढायला कोळसा नाही, गंधक नाही. मला त्या कल्पनेनं झोप येईना.

चाचांच्या शेडच्या एका कोपऱ्यात आम्ही छोटा नमुना उभा केला. पहिल्याच दिवशी मुंग्या आल्या. मग त्या रोज येत राहिल्या, पंपावर, माझ्या चपलांवर, चाचांच्या जेवणाच्या डब्यात. दाट पाक पडद्यातून जाईचना; सुरुवातीला धार पडायची आणि बघता बघता थेंबावर यायची. पातळ केला तर नंतर आटवायला वाफ जास्त लागणार. तापवला तर पडदा सोसणार नाही. किती पातळ, किती गरम, पडद्याच्या अंगावरून किती वेगानं वाहवायचा, हे शोधण्यात पूर्ण उन्हाळा गेला. अकोल्याचा उन्हाळा, वर पत्रा आणि खाली चिकट फरशी. चाचा प्रत्येक जोड आतून बोट फिरवून बघत. खाच राहिली तर तिथे साखर आंबणार, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी युनिट तिवस्याच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये बसलं. चालू करायच्या दिवशी बाबा मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं आले होते. पहिला ग्लास भरला. त्या गृहस्थांनी ग्लासच्या मागे वर्तमानपत्र धरलं आणि पाकातून बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे हसले. बाबांनी एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

"नुसती गोडी आहे," ते म्हणाले. "दुसरं काहीच नाही."

शाळामास्तराकडून एवढी स्तुती म्हणजे खूप होती. परतताना गाडीत चाचा मला म्हणाले, "बेटा, मी इतकी वर्षं टाक्या केल्या. यंत्र आज केलं."

थंडी सुरू झाली आणि फोन आला. धार कमी झाली होती, धुऊनही वाढत नव्हती. मला नवल वाटलं, कारण साखरेचा मळ गरम पाण्यात निघून जायलाच हवा. मी एकटीच गेले. युनिट बंद करून नळी उघडली.

पडद्यावर तपकिरी, मेणचट थर होता. नखानं खरवडला तर ओरखडा उठला. मी तो नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिले.

तो वास मला लहानपणापासून ठाऊक होता. बाबा मेळघाटात आश्रमशाळेवर शिक्षक होते. त्यांचा एक कोरकू विद्यार्थी, वयानं माझ्याहून मोठा, दर उन्हाळ्यात आमच्याकडे मध आणतो. जुन्या दारूच्या बाटलीत, वर कागदाचा बोळा. त्यात मेणाचे कण, कधी एखादा पंख आणि धुराचा वास. पौषात तो मध तुपासारखा थिजतो आणि बाबा बाटली उन्हात ठेवतात. त्या धुराचा नव्हे, पण मेणाचा आणि फुलांचा तो वास माझ्या पडद्यावर होता. साखरेच्या पाकाला मेण नसतं.

शेडच्या मागच्या बाजूला एक दार होतं. युनिट बसवताना ते बंद असायचं. गोदाम आहे, असं सांगितलेलं. त्या दिवशी ते उघडं होतं. आत निळे ड्रम होते, बाटल्या भरायचं टेबल होतं, आणि लेबलांचे गठ्ठे. लेबलावर डोंगर, एक मोठं पोळं आणि डोक्याला फडकं बांधलेला आदिवासी माणूस. खाली लिहिलं होतं, मेळघाटचा अस्सल रानमध.

ते गृहस्थ तिथेच होते. दचकले नाहीत. मला खुर्ची दिली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मध आहे, ताई. थोडा मध आहेच त्यात. स्वस्तातला असतो, गढूळ असतो, म्हणून तुमच्या यंत्रातून काढतो. बाकी तुमचा पाक."

"थोडा म्हणजे?"

"चवीपुरता."

"तुम्ही सरबतासाठी म्हणाला होतात."

"सरबतवाले भाव पाडतात हो." मग त्यांनी एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "लोकांना काय पाहिजे ते सांगू? लोकांना थिजलेला मध दिला की ते म्हणतात, साखर घातली. खरा मध थिजतो, हे कुणी ऐकूनच घेत नाही. हा थिजत नाही. म्हणून हाच त्यांना खरा वाटतो. आपण कुणाला विष देत नाही, ताई. साखरच आहे. तुम्हीच तर इतकी शुद्ध करून दिली."

मला तिथं बसल्या बसल्या एकेक गोष्ट कळत गेली. वास नको, कारण मधाच्या वासात मिसळायचं होतं. थिजायला नको, त्याचं कारण आत्ताच ऐकलं होतं. आणि मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो याचाच, की उकळण्याची पायरी मी काढून टाकली होती. मधात उकळलेला पाक घातला तर साध्या प्रयोगशाळेतसुद्धा ती खूण पकडली जाते. माझ्या पाकात पकडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भेसळ ओळखू येऊ नये यासाठी मी एक उन्हाळा जाळला होता, आणि मला ते कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

नळी तशीच उघडी टाकून मी निघाले.

अकोल्याला पोचले तेव्हा चाचा दुपारच्या नमाजाहून परतत होते. मी सगळं सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं, रागाचं.

"काहून रडून राहिली?" ते म्हणाले. "तुले कुठं माहीत होतं? मले तरी कुठं माहीत होतं?"

"आपण तक्रार करू. यंत्र आपण बनवलंय, आपलं म्हणणं ऐकतील."

चाचांनी आधी बाहेर पाहिलं. मग शेडचं शटर अर्धं ओढून घेतलं. दुपारी तसं कधी करत नाहीत.

"बेटा, तू शिकेल आहे, तुह्यावर कोणी बोट ठेवनार नाही. तो वकिलाच्या घरचा. पण यंत्र कोनाच्या कारखान्यातून गेलं? टाक्यांवर पट्टी कोनाच्या नावाची आहे? उद्या बोभाटा झाला तर लोक असं नाही म्हननार का त्या साहेबानं भेसळ केली. म्हनतील, पाहा कोन बनवून देते अशा मशिनी. मले या गावात राहाचं आहे. पोरं आहेत माह्ये."

"चाचा, असं काही होणार नाही."

"तुले नाही होनार," ते शांतपणे म्हणाले. "मी तेच तं सांगून राहिलो."

त्यांचा मला राग आला, आणि ते चुकीचं बोलत होते असंही म्हणता येईना. त्या दिवसानंतर आमच्यात काहीतरी बदललं. अजून मी त्यांच्याकडेच काम करते, अजून डबा सोबत उघडतो; पण त्या यंत्राचं नाव दोघांपैकी कुणी काढत नाही.

मी शेवटी मला जमलं ते केलं. परतवाड्याच्या एका दुकानातून गिऱ्हाईक म्हणून बाटली घेतली आणि गिऱ्हाईक म्हणूनच अन्न तपासणीच्या कार्यालयात तक्रार दिली. कारखान्याचा, यंत्राचा उल्लेख केला नाही. बऱ्याच दिवसांनी बोलावणं आलं. टेबलामागच्या साहेबांनी मला अहवाल समजावून सांगितला, अगदी सौजन्यानं.

"मॅडम, यात काहीच दोष नाही. उलट हल्ली इतका स्वच्छ नमुना येत नाही."

"याहून बारीक तपासणी असते," मी म्हटलं. "ती बाहेर होते. तिकडे पाठवा."

"त्यासाठी आधी इथे काहीतरी संशयास्पद निघायला पाहिजे ना."

जिना उतरताना मला जाणवलं की मी माझ्याच कामाचं शिफारसपत्र ऐकून आले होते.

त्या उन्हाळ्यात बाबांचा विद्यार्थी नेहमीसारखा आला. बाटली ठेवली, चहा घेतला. परतवाड्याच्या स्टँडवर बसून तो उरलेला मध विकायचा. यंदा गिऱ्हाईकच नाही, म्हणाला. लोक बाटली हलवून बघतात, गढूळ दिसला की परत ठेवतात. "एक बाई म्हने, तुमचा मध नकली आहे, आमच्या दुकानात जंगलाचा असली मियते." सांगताना तो हसला. बाबाही हसले. मी आत निघून गेले.

रात्रीची वाट न बघता, तो गेल्या गेल्या मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"सांगून त्याचा मध विकला जाणार आहे का? आणि आपल्याकडे यायचा बंद होईल." थोडं थांबून म्हणाले, "तू आता तरी गप्प बस. नोकरी आहे तुला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हातारे झाले होते, आणि घाबरले होते, माझ्यासाठी. ते समजत होतं. तरी त्या दिवशी ते माझ्या मनातून थोडे उतरले ते उतरलेच.

पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी दुसरं युनिट लावलं, पहिल्याच्या दुप्पट. आमच्याकडून नाही. चाचांनी हातात दुसरं काम आहे असं सांगून नकार दिला होता. एवढं त्यांनी केलं, हे मान्य करते. मग त्या गृहस्थांनी माझंच ड्रॉइंग नागपूरच्या कुणाला देऊन बनवून घेतलं. पंप बसवायला गेलेल्या एका ओळखीच्या माणसानं मला सांगितलं, "मॅडम, तुमचीच डिझाइन आहे, एक नटसुद्धा हलवला नाही." त्याला वाटलं मला आनंद होईल.

गेल्या वर्षी एका पॉलिटेक्निकनं मला बोलावलं. आपल्या भागात राहून केलेलं इंजिनिअरिंग, असा विषय. मी ते युनिट फळ्यावर काढलं आणि ते कशासाठी वापरलं जातं तेही सांगितलं. नाव नाही, गाव नाही, पण बाकी सगळं, मधासकट. पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर बोलत होते. बोलणं संपल्यावर वर्ग शांत होता. मला वाटलं, पोचलं.

मग मधल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. हुशार दिसत होती, सगळं लिहून घेत होती.

"मॅडम, पाक नेमका किती गरम ठेवायचा? तो आकडा तुम्ही सांगितला नाही."

बाकीच्यांनीही पेनं उचलली. मी फळा पुसला. प्राचार्य चहासाठी थांबा म्हणत होते. बस चुकेल असं सांगून मी बाहेर पडले. अकोल्याच्या बसला अजून बराच वेळ होता.