फ्रिजवरचा श्रीखंडाचा डबा

ती केस माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर जाऊही नये. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आता पुसट झालेत. ही मात्र स्वयंपाकघरात उभी राहिले की समोर येते. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या माणसांनी पुरेसं सोसलंय.

लग्न होऊन सिडनीत आले तेव्हा माझं इंग्रजी दुकानात पाव मागण्यापुरतं होतं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून आणि मुलांची शाळेची पुस्तकं वाचून शिकले, पस्तिशीत पोलिसात भरती झाले आणि डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झाले. ही केस शेवटच्या वर्षातली, कोव्हिडच्या पहिल्या लॉकडाऊनमधली. पोलीस ठाण्यात तेव्हा आमच्या दोन तुकड्या केलेल्या. एकीला लागण झाली तर दुसरी कामाला राहावी म्हणून. आल्याबरोबर कपाळावर तापमापक धरायचं, गाडीत बसायच्या आधी स्टिअरिंग पुसायचं, मग ड्युटी.

एका सकाळी सिडनीच्याच वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या एका घरातून फोन आला. भाड्याच्या खोलीत राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी झोपेतून उठलीच नाही. पुण्याची, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. घरमालकीण मराठी. होती माझ्याच वयाची, पण आजूबाजूची सगळी मुलं तिला काकू म्हणायची, म्हणून मीही इथे काकूच म्हणते. काकू आणि त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा, एवढंच घर.

मुलीच्या उशीखाली गोळ्यांची एक पट्टी सापडली. बरीचशी रिकामी. वर खोका नाही, फार्मसीचं लेबल नाही. मी ती पिशवीत घालून सील केली तेव्हा दारात उभा असलेला तो मुलगा पांढराफटक पडला. मी ते मनात टिपून ठेवलं. काकूंना विचारलं, "हिला नशेच्या गोळ्यांची वगैरे सवय होती का?"

"छे हो मॅडम! ती पोर चहासुद्धा अर्धा कप घ्यायची."

पुण्याला फोन मी केला. ते काम ज्युनिअरवर ढकलायचं नाही, ही माझी पद्धत. आईने फोन वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी एवढंच विचारलं, "आम्ही कधी येऊ शकू?" सीमा बंद होत्या, विमानं नव्हती. लेकीला त्यांनी शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर.

तपासणीचा निकाल आला. गोळी अफूच्या जातीची, जोरदार वेदनाशामक. मुलगी ॲलर्जीवरची, झोप आणणारी गोळीही घेत होती. दोन्हींनी मिळून झोपेत श्वास मंदावत गेला आणि थांबला. आता प्रश्न एकच, ही गोळी तिला दिली कुणी?

त्याच आठवड्यात निनावी टिप आली. शेजारचंच कुणीतरी असणार. "त्या घरातला मुलगा रोज संध्याकाळी गाडीच्या डिकीतून तरुण पोरांना पिशव्या देतो. मी पाहिलंय." माझे वरिष्ठ म्हणाले, "देअर्स युअर सप्लायर." अशा गुन्ह्यात पोरगं सापडलं की आयुष्य संपलं समजा. तुरुंग तर आहेच, नंतर नोकरीही मिळत नाही.

त्याला ठाण्यात बोलावलं. वकील स्क्रीनवर, मध्ये प्लास्टिकचा पडदा, रेकॉर्डिंग चालू. गप्प राहण्याचा हक्क आहे, हे नियमाप्रमाणे सांगितलं आणि सुरू केलं.

"पिशव्यांत काय असतं?"

"मॉमचे डबे. पोळीभाजी. जी मुलं आयसोलेशनमध्ये अडकलीत त्यांना. आस्क देम." हे खरं निघालं. आम्ही सहा मुलांना विचारलं. एकाने तर माझ्याकडे तक्रारच केली की काकूंनी सलग तीन दिवस दुधी पाठवला.

"आणि ही पट्टी कुणाची?"

"नो कमेंट."

तास गेला, तरी "नो कमेंट". मी खूप गुन्हेगार गप्प बसलेले पाहिलेत. ते घड्याळाकडे बघतात, नाहीतर तुमच्या डोळ्यांत बघून तुम्हाला जोखतात. हा खाली आपल्या हातांकडे बघत होता. स्वतःसाठी गप्प बसणारा आणि दुसऱ्यासाठी गप्प बसणारा, यांत फरक असतो. तो कळायला मला वीस वर्षं लागली.

सर्च वॉरंट काढलं. माझ्या दोन कॉन्स्टेबलांनी मुलाची खोली, गाडी, गॅरेज उलटंपालटं केलं. काही नाही. स्वयंपाकघरातली कपाटं झाली. फ्रिजवर श्रीखंडाचा एक प्लास्टिकचा डबा होता. कॉन्स्टेबलने लेबल वाचलं. "जस्ट सम योगर्ट थिंग, सार्ज," म्हणाला आणि पुढे गेला.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मराठी घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड कधी पाहिलंय तुम्ही? आणि तेही फ्रिजच्या वर? माझ्या घरात तसाच डबा, त्याच जागी. मी हातमोजे चढवले आणि डबा खाली काढला.

बाम, थर्मामीटर, ओव्याची पुडी, निरनिराळ्या औषधांच्या अर्ध्या पट्ट्या. आणि तळाशी एक खोका. फार्मसीचं लेबल, त्यावर काकूंच्या मुलाचं नाव, वर्षभरापूर्वीची तारीख आणि डेंटिस्टचं नाव. वीस गोळ्या लिहिलेल्या. दहादहाच्या दोन पट्ट्या यायला हव्यात. खोक्यात एकच होती, तिच्यातल्या दोन वापरलेल्या.

"काकू, हे काय?"

"ते होय? त्या दाताच्या गोळ्या. गेल्या वर्षी ह्याची अक्कलदाढ काढली ना वेस्टमीडजवळ. दोन घेतल्या आणि म्हणाला, नको, गरगरतं. मग ठेवून दिल्या. एवढं महागाचं औषध फेकायचं कशाला? त्यातलीच एक पट्टी मी हिला..."

"आई, गप्प बस!" मुलगा ओरडला. "आय गेव्ह इट! मी दिली, मॅडम. लिहून घ्या."

"तू कुठे दिलीस? मी दिली." काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "दाढ ठणकत होती तिची, गाल हा एवढा सुजलेला. क्लिनिकवाले फोनवर म्हणाले, सध्या फक्त इमर्जन्सी, पुढच्या आठवड्यात बघू. रडत होती ती. मी म्हटलं, घे, डेंटिस्टनेच दिलेली आहे, दुखलं की घे. मी काय..." आणि मग त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "ताई, तिला काय झालं होतं?"

मॅडमची मी ताई झाले त्या क्षणी. मला सांगावं लागलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ओट्याला धरून खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वर अर्धी वाटी मऊ भातही दिला मी तिला. रिकाम्या पोटी नको म्हणून."

मुलाने पहिल्या दिवशीच पट्टी ओळखली होती. आईला कळू नये म्हणून तो स्वतःवर गुन्हा घ्यायला निघाला होता. मी सगळा अहवाल जसाच्या तसा लिहिला, वरिष्ठांकडे आणि अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरकडे पाठवला. काही महिन्यांनी निर्णय आला. कुणावरही गुन्हा नाही. काकूंनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, "सरकारने मला सोडलं. मी स्वतःला कशी सोडू?"

जबाब घ्यायला मी खोक्याच्या लेबलवरच्या त्या डेंटिस्टकडे गेले होते. चाळिशीतला, सरळ माणूस. क्लिनिक रिकामं, खुर्च्यांवर टेप लावलेली. त्याने कागद काढून दिले, सगळं नियमात बसणारं. मी विचारलं, "वीसच का?"

"शिकत होतो तेव्हा सीनियर तेवढ्या लिहायचे. म्हणून मीही." कागद पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाला, "वीस लिहिल्या की पेशंट वीकेंडला फोन करत नाही."

"आणि त्या मुलाला खरं म्हणजे किती लागल्या असत्या?"

"प्रॉबेब्ली नन. एकही नाही," तो म्हणाला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातलाच नाही.

या केसमुळेच माझी एका फार्मासिस्ट बाईशी ओळख झाली. ती दवाखान्यादवाखान्यांत जाऊन, लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर, डेंटिस्टांशी वीस मिनिटं बोलायची. रागवायचं नाही, धमकी नाही. दाढ काढल्यावर बहुतेक तरुण पेशंटांना दोन साधी वेदनाशामकं एकत्र पुरतात, हे कागदावर दाखवायचं. जोरदार गोळी लागलीच तर दोनचार लिहा, आधी दुसरं कुठलं औषध चालू आहे ते विचारा, आणि उरलेल्या फार्मसीत परत द्यायला सांगा. एवढंच. ती मला म्हणाली, "तुम्ही या. माझा कागद ते विसरतात."

निवृत्तीनंतर मी तिच्याबरोबर जाऊ लागले, हातात रिकामा श्रीखंडाचा डबा घेऊन. पोलीस म्हटल्यावर एक तरुण डेंटिस्ट हसून म्हणाला, "ॲम आय अंडर अरेस्ट?"

"नॉट टुडे, मेट," मी म्हटलं आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी तो हसत नव्हता. दुसरा एक म्हणाला, "पेशंटच स्ट्राँग काहीतरी मागतात." फार्मासिस्ट म्हणाली, "ते दुखू नये एवढंच मागतात. गोळीचं नाव तुम्ही ठरवता." आणि तो पहिला डेंटिस्ट, चष्मा काढून ठेवणारा, तोही ऐकायला आला. पुढे स्वतःच्या ओळखीतल्या दवाखान्यांत त्यानेच आम्हाला नेलं.

या केसने मला काय शिकवलं? नोकरीभर मी वाईट माणूस शोधत आले. इथे तो नव्हताच. डेंटिस्टने सवयीने लिहिलं, काकूंनी मायेने दिलं, आणि एक पोर गेली. आणि हेही कबूल करते, काकूंकडे झडती झाली त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझा डबा उघडला तर त्यातही तशीच अर्धी पट्टी होती. त्यातल्या दोन मी मागे एका सहकाऱ्याला दाढदुखीवर दिल्या होत्या. तो वाचला, एवढाच फरक.

चौकशी संपल्यावर पुण्याला शेवटचा फोन केला. मुलीची आई आली फोनवर. इतक्या महिन्यांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, ते आज विचारलं. "गोळी कुणी दिली होती तिला?"

तिला खरं ऐकायचा हक्क होता. मी म्हटलं, "घरमालकीणबाईंनी. स्वतःच्या मुलासाठी आणलेल्यातली. तिचं दुखणं बघवेना म्हणून. श्रीखंडाच्या डब्यात ठेवली होती."

"श्रीखंडाच्या डब्यात," तिने माझेच शब्द पुन्हा म्हटले.

मग ती म्हणाली, "आमच्याही फ्रिजवर आहे तसा. तिच्या वडिलांच्या ऑपरेशननंतरच्या उरलेल्या गोळ्या आहेत त्यात." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग प्लास्टिकचं झाकण उघडल्याचा.

"त्या बाईंना सांगा," ती म्हणाली, "मीसुद्धा दिली असती."