उडाल्याबिगर मोजत न्हाई

वर्षभरात जिल्ह्यात सगळ्यात जास्त जातींचे पक्षी कोण बघतं, अशी आम्हा पोरापोरींची चढाओढ लागली होती. शेवटच्या दिवशी मी आणि गेवराईचा एक गॅरेजवाला पोरगा बरोबरीत होतो. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी तलवाड्याच्या माळावर तो पालथा पडलेला दिसला. नखांतल्या काळ्या ग्रीसवरूनच मी ओळखलं. बोट न दाखवता त्यानं नुसती हनुवटी पुढं केली. गवतात आखूड कानाचं घुबड! फक्त हिवाळ्यापुरतं येणारं! मी लगेच वहीत लिहून टाकलं. त्यानं मात्र वही उघडलीच नाही.

"उडाल्याबिगर मी मोजत न्हाई, ताई. बसलेलं पाखरू अर्धंच दिसतंय."

सूर्य बुडायला आला, तरी घुबड ढिम्म. शेवटी मलाच राहवेना. "अरे, टाळी वाजव की!"

"कावून? त्याच्या मर्जीनं उडू द्या." मग हळूच म्हणाला, "आन् तुमची स्कुटी लई फटफटती. सडकेपर्यंत ढकलत न्या."

मी जिंकले होते. गालातल्या गालात हसत स्कुटी ढकलत निघाले. सडकेवर किल्ली फिरवणार, तेवढ्यात मागून आरोळी आली, "उडालं! ताई, उडालं!"

वर बघते तर ते लांब पंख पसरून माझ्याच डोक्यावरून चाललेलं! स्कुटी तिथंच आडवी टाकून मी त्याच्याकडं पळत सुटले, "बघितलं! बघितलं!" ओरडत.

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. आणि आमची पुन्हा बरोबरी झाली, हे तर घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.