वाळलेली सळई

रुपया घसरल्याची बातमी टीव्हीवर लागली, की सोनईहून मामांचा फोन आलाच म्हणून समजा. तिथं त्यांचं सळई-सिमेंटचं दुकान. शिमग्यानंतरच्या त्या सकाळीही बातमी लागली, फोन वाजला आणि मी उत्साहानं म्हणालो, "बोला मामा, कुठवर गेला डॉलर?" पलीकडं मामेबहीण होती. "दादा... आमचे तात्या गेले."

कर्जतला घर बांधायला काढलं, तेव्हा डॉलरचा आणि माझा संबंध काय, असा माझा बिनतोड सवाल होता. आपली सळई काय अमेरिकेतून येते? मामा खवळले. "अरं भाचेबुवा, भंगार भायरून येतं, कोळसा भायरून येतो, सगळं डॉलरात! तिकडं डॉलर चढला की हितं सळई म्हाग हुती, न्हाईतर वाळती!" वाळते म्हणजे भाव तोच ठेवून कारखाना ती बारीक काढतो. नावाला तीच, वजनाला कमी.

मी मोठ्या हुशारीनं स्वस्तात पटवलेली सळई बघायला मामा टेम्पोत बसून आले. एक उचलली आणि तिथूनच मामींना फोनवर ओरडले, "पार वाळलीय गं! हात लावला की वाकतीय!" दुसऱ्या दिवशी मामी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात हजर! माझ्या बायकोच्या भरल्या अंगाकडं बघून त्या गोंधळल्याच. "मला वाटलं, भाचेसून वाळलीय..." बायको त्या दिवसापासून सळईवर खूश आहे. लाडू मीच संपवले.

पण पेच खरा होता. वजनाची सळई घ्यायची, तर त्याच पैशात घरातली एक खोली जात होती. मी हटून बसलो. मामा विटांच्या ढिगावर बसले. "खोली काप. स्लॅब पोरांच्या डोक्यावर येनार हाय."

"मामा, ती खोली तुमच्या दोघांसाठी होती. दुकान बंद केल्यावर इकडंच राहाल म्हणून..."

मामा एकदम उठले. "मंग तर आदी तीच काप! इचारतो कुनाला? मालक मीच की!"

स्लॅबच्या दिवशी मामा नुसते नाचत होते. मिक्सरपेक्षा त्यांचाच आवाज मोठा! मी एक चप्पल ओल्या काँक्रीटमध्ये घालवली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तेवढीच मजबुती."

शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा स्वतःच्या मनगटाकडं बघून हसले. "भाव त्योच हाय रं... माल वाळला."

कापलेल्या खोलीच्या जागी नुसती फरशी आहे, वर आभाळ. वास्तुशांतीला मामांनी तिथं खुर्ची टाकली आणि येईल त्या पाहुण्याला बोलावून दाखवत राहिले, "ही माझी खोली! वारं बघा किती!"

तेराव्यानंतर मामींना चार दिवस इकडं घेऊन आलो. आत पंख्याखाली त्यांचा पलंग घातला होता. पिशवी घेऊन त्या सरळ घरातून पलीकडं गेल्या, फरशीवर उभ्या राहिल्या आणि वळून म्हणाल्या, "आमची खोली ही न्हाई का?"

मी पलंग बाहेर ओढला.