माणची दाढ

"काय रं पोरांनू, जेवलासा का?"

रोज सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच माने मॅडम हे विचारायच्या. आम्हाला नव्हे हं, काचेच्या ताटलीतल्या पेशींना! पेशींचं शिळं, पिवळट खाद्य काढून ताजं गुलाबी घातल्याशिवाय आम्हाला चहा नाही. मॅडम दुष्काळी माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. "आदी मेंढरं, मग मानसं," म्हणायच्या. चहा रोज थंडच प्यायलो आम्ही.

मलकापूरच्या दंत महाविद्यालयात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. दाताच्या आतल्या मऊ गरातल्या पेशी दात बांधायला लागल्या की कोणती प्रथिनं बनवतात, हा माझा विषय. "वाढनं येगळं आन कामाला लागनं येगळं. आपल्या गावाकडच्या पोरांचं बगत न्हाईस व्हय?" असं मॅडम समजावायच्या. पण माझ्या पेशी कामाला लागण्याआधीच बुरशीनं फस्त केल्या. आता मुदतवाढ शेवटची होती. ताजी दाढ मिळाली नाही तर इतक्या वर्षांवर पाणी.

अखेर पलूसचा एक जवान सुट्टीत अक्कलदाढ काढायला आला. ती आम्हाला द्यायला त्यानं खुशीनं सही केली. मी कुपी घेऊन धावत गेले, तर त्याच्या आईनं दाढ पदराच्या टोकाला बांधलेली!

"लेकराचा दात परक्यात ठिवत्यात व्हय? आमच्याच कौलावर टाकनार मी."

मी कागद दाखवणार, तोच मॅडमनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. सही पोराची हाय, पन दात आईचा. पोरगं सीमंवर चाललंय. न्हेऊ दे तिला."

असा संताप आला म्हणून सांगू! मी जिन्यात बसून रडले. मॅडम शेजारी टेकल्या, स्वतःचा गाल चाचपला आणि म्हणाल्या, "चल, माजी काढू."

स्वतः दातांच्या डॉक्टर, पण खुर्चीला इतकी भिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दुखऱ्या अक्कलदाढेपायी शस्त्रक्रियेचे सर दिसले की त्या दुसऱ्या जिन्यानं पळायच्या.

"मॅडम, पन्नाशीच्या दाढेत काय जीव असणार?"

"गप गं. माणची दाढ हाय. पान्याबिगर वाढलीया."

सुई दिसायच्या आधीच त्या ओरडल्या आणि माझा हात असा आवळला की बांगडीच फुटली.

पेशी वाढल्या, पण लय सावकाश. सुजल्या गालानं मॅडम रोज त्यांची विचारपूस करायच्या. मग एकदा तपासणीचा रंग घातला, आणि ताटलीभर लालभडक ठिपके! कॅल्शियम साठत होतं, म्हणजे पेशी कामाला लागल्या होत्या. हवं ते प्रथिनही सापडलं. मी मॅडमच्या गळ्यातच पडले.

मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या. आता प्रयोगशाळा मी बघते. त्यांची फार आठवण येते. दुपारी फोन येतो, "दाढ कशी हाय माजी?"

"मजेत आहे, मॅडम."

"आन तू? जेवलीस का?"

मी हो म्हणते. साफ खोटं. पेशींचं खाद्य बदलायचं राहिलेलं असतं ना अजून.